नळीतून जातं तेही जेवणच

ह्यांचा डाव्या गालाचा कॅन्सर खालच्या जबड्याच्या हाडात शिरला होता. चौथी स्टेज. टाटातल्या डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवून नीट सांगितलं: जबड्याचा तेवढा भाग आणि मानेतल्या गाठी काढायच्या, पायाचं नडगीशेजारचं बारीक हाड घेऊन तिथे नवा जबडा बसवायचा. मग 30 सिटिंग रेडिएशन, सोबत आठवड्याला एक केमो. तंबाखूबद्दल मी इथे लिहिणार नाही. ते बोलून झालंय, आणि आजारी माणसाला तेच पुन्हा पुन्हा ऐकवणं मला क्रूर वाटतं.

लिहायचंय ते नाकातल्या नळीबद्दल. सिस्टरनी शिकवलं ते असं: पाठीला उशा लावून बसतं करायचं. आधी सिरिंज लावून थोडं ओढून बघायचं. मग दट्ट्या काढून सिरिंज उंच धरायची आणि पेज आपसूक उतरू द्यायची, ढकलायची नाही. शेवटी पाणी सोडायचं, नाहीतर नळी चोंदते. नंतर अर्धा तास तरी आडवं होऊ द्यायचं नाही. दर दोन तासांनी हे सगळं पुन्हा.

रेडिएशनच्या रांगेत अकोल्याकडची एक ताई भेटली, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेली. ती म्हणाली, "गाळणीनं भागत नाही ताई, मलमलच्या फडक्यातून गाळा. नाचणीचा कोंडाच अडकतो." तेव्हापासून आमची नळी चोंदली नाही.

जाऊबाई एकदा म्हणाल्या, चव कळत नाही तर फोडणी कशाला? मी फोडणी दिलीच. वाटी आधी ह्यांच्या नाकाजवळ न्यायची, "अहो, आज मुगाचं कढण आहे, जिरं घातलंय," असं सांगायचं, मगच सिरिंज. एकदा ह्यांनी पाटीवर लिहिलं, "हिंग जास्त." मला इतकं बरं वाटलं!

ती पाटी ऑपरेशननंतर श्वासासाठी गळ्यात वेगळी नळी होती तेव्हा आणलेली. आवाज नव्हता. भेटायला आलेली माणसं ह्यांच्या देखत मला विचारायची, "झोप लागते का त्यांना?" माणूस समोर टक्क जागा! मी पाटी पुढे करायचे, "त्यांनाच विचारा." ज्याचा आवाज गेलाय त्याला कान आहेत, मत आहे, राग आहे. जन्मभर बसमध्ये "पुढे चला, पुढे चला" ओरडलेल्या कंडक्टरला असं खिजगणतीत न धरणं मला सहन होत नसे.

रेडिएशनचे शेवटचे आठवडे वाईट गेले. तोंडभर फोड, लाळ चिकट. मीठ-सोड्याच्या पाण्याच्या चुळा, रात्रीसुद्धा.

आता नाकातली नळी निघालीय. तोंड मात्र जेमतेम उघडतं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून उजवीकडच्या दातांत धरायच्या, हाच व्यायाम. कंटाळतात, चिडतात, पण करतात. परवा एक काडी वाढली. रविवारी मऊ खिमट करणार आहे, तुपाचं, आणि चमचा त्यांच्याच हातात देणार आहे.