तुम्ही विचारलंत म्हणून: स्वादुपिंड बदलून टाइप वन मधुमेह सुटतो का?

"यांची शुगर रात्री ४० वर येते आणि यांना कळतही नाही. स्वादुपिंडच बदलून घेतलं तर?" हा प्रश्न आम्हाला घरची माणसं सारखा विचारतात. बदलता येतं. पण इन्सुलिनच्या सुया सुटल्या तरी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या मागे लागतात, रोपण टिकेल तोवर रोज. म्हणून नुसती शुगर वरखाली होते एवढ्यावर कोणी रोपण करत नाही.

किडनी निकामी झाली असेल तर गोष्ट वेगळी. तिच्या रोपणासाठी त्या गोळ्या घ्याव्याच लागतात; मग एकाच मेंदूमृत दात्याची किडनी आणि स्वादुपिंड एकत्र बसवून घेणं आम्हाला सर्वांत पटतं. १९६६ साली मिनेसोटा विद्यापीठात पहिलं स्वादुपिंड बसवलं, तेही किडनीसोबतच. आपलं मूळ स्वादुपिंड काढत नाहीत. नवं ओटीपोटात, दात्याच्या आतड्याच्या तुकड्यासकट, पाचकरस आपल्या आतड्यात उतरेल असं जोडतात. खरी भीती पहिल्या काही दिवसांची: या अवयवातून रक्त संथ वाहतं, शिरेत गुठळी झाली तर बहुतेकदा तो काढूनच टाकावा लागतो. आपल्याकडे हे मोजक्याच केंद्रांत होतं.

किडनी धड आहे, पण शुगर लो होताना घाम-थरथर जाणवतच नाही आणि दुसऱ्याला धावून यावं लागतं, अशांसाठी आयलेट रोपण. दात्याच्या स्वादुपिंडातले इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके वेगळे करून यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत हळूहळू सोडतात. वजनाच्या किलोमागे साधारण १०,००० पुंजके, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सहा लाख. रक्तात शिरताच त्यातले पुष्कळ मरतात, त्यामुळे अनेकदा दोन दाते लागतात. अमेरिकेत २०२३ साली मंजूर झालेल्या लँटिड्रा या दात्याच्या आयलेट पेशींच्या उपचाराच्या चाचण्यांत ३० पैकी २१ जणांचं इन्सुलिन वर्षभर किंवा जास्त सुटलं. पाच जणांचं एक दिवसही नाही. मात्र इन्सुलिन थोडं उरलं आणि बेशुद्ध पडणं थांबलं, तरी आम्ही ते यशच मानतो. टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी किडनीला त्रास देते, हे आधीच धरून चाला.

रोपणाचा विचार करण्याआधी पोट आणि मांडी चाचपून बघा. रोज त्याच जागी टोचून गाठी झाल्या असतील तर तिथलं इन्सुलिन कधी उशिरा उतरतं, कधी एकदम. सेलियाक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणं) आणि अ‍ॅडिसनची (किडनीवरच्या ग्रंथी मंदावणं) तपासणी करून घ्या; यांनीही शुगर खाली येते. अलार्मवाला सीजीएम, म्हणजे शुगर सतत मोजणारा सेन्सर, लावा. काही आठवडे शुगर ७० च्या खाली जाऊ दिली नाही, तर लो होण्याची हरवलेली चाहूल पुष्कळांना परत लागते. एवढं करूनही यांना रात्री हलवून उठवावं लागत असेल, तर सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते सांगणारी तपासणी), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि सीजीएमचे रिपोर्ट घेऊन रोपण केंद्र गाठा.