एचबीएवनसी ६.१ आलं, पण मधुमेह नव्हता : माझा अनुभव

माझ्या आईला मधुमेह होता, म्हणून चाळिशीनंतर मी दरवर्षी रक्त तपासून घेते. या वेळी इंदूरला आमच्या लोकमान्य नगरजवळच्या लॅबमध्ये एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी केली आणि आकडा आला ६.१. हा आकडा ५.७ च्या खाली असला तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा आणि ६.५ पासून मधुमेह. घरात लगेच सल्ले सुरू झाले. जाऊबाईंनी पोहे-जिलबी बंद करायला लावली आणि रात्रीचा भातही गेला.

पण मला जिना चढताना धाप लागायची, केस मूठमूठ गळायचे आणि पाळीत खूप रक्त जायचं. डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि अंगठ्याने माझी खालची पापणी ओढून पाहिली. आतली कड लालसर हवी, ती पांढुरकी होती. मग सीबीसी (रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिन मोजणारी तपासणी) आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) सांगितलं. हिमोग्लोबिन निघालं ९.१ (बाईमाणसाचं किमान १२ हवं) आणि फेरिटिन ६, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपलेला.

त्यांनी समजावलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते एचबीएवनसी दाखवतं. लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी तयार होतात, जुन्याच जास्त काळ फिरत राहतात, त्यांना साखर जास्त चिकटते. त्यामुळे रक्तातली साखर ठीक असूनही आकडा चढतो. उलट सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात पेशी लवकर फुटतात, तिथे तो फसवा कमी येतो. झाबुआ-अलीराजपूरकडे हा आजार जास्त आढळतो, म्हणून तिकडच्या रुग्णांत हे लक्षात ठेवावं लागतं, असं त्या म्हणाल्या.

मग खरी साखर कळायला ग्लुकोजची चाचणी केली. रात्रभर उपाशी राहून सकाळी रक्त दिलं, नंतर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून दिलं. “आंटी, पाँच मिनट में पूरा पी लेना,” असं लॅबमधल्या मुलीने सांगितलं. शेवटचे घोट घशाखाली उतरेनात इतकं ते गोड होतं. मग दोन तास खाणं नाही, फिरणं नाही, नुसतं बसून राहायचं. उपाशीपोटी ९३ (१०० च्या आत हवी) आणि दोन तासांनी १२६ (१४० च्या आत हवी). दोन्ही ठीक!

रक्त का जातंय ते सोनोग्राफीत कळलं : गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे कर्करोगाची नसलेली गाठ. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे वेगळे उपचार सुरू झाले, कारण गळती चालू ठेवून टाकी भरत नाही. लोहाच्या गोळ्या रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा आणि कॅल्शियमची गोळी त्या वेळेपासून लांब, कारण दोन्हीमुळे लोह नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे पोह्यांबरोबर चहा हवाच असतो, तेव्हा सकाळची वेळ सोडून गोळी दुपारी जेवणाआधी घ्यायला लागले. शौच काळं होतं, त्याने घाबरू नये. पालक, खजूर, अळिवाचे लाडू जरूर खावेत, पण हिमोग्लोबिन ९ वर आल्यावर नुसत्या खाण्यावर भागत नाही, हे मी आता ओळखीच्या प्रत्येकीला सांगते.

हिमोग्लोबिन १२ च्या वर गेल्यावरही साठा भरायला गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवायला सांगितल्या. त्या संपल्यावर एचबीएवनसी पुन्हा केलं : ५.५. आईचा वारसा असल्यामुळे वार्षिक तपासणी काही सुटत नाही, पण आता मी सीबीसी आणि उपाशीपोटीची साखर सोबतच करून घेते.