तुम्ही विचारलंत म्हणून: हात बसलेलं सॉफ्टवेअर मी का सोडलं

‘इतकी वर्षं रेकॉर्डिंगच्या एकाच सॉफ्टवेअरवर काम केलंत, मग मध्येच ते सोडून रीपर का घेतलंत? आम्हीपण बदलावं का?’ परभणीत आमच्या घरी रेकॉर्डिंगला कुणी आलं की चहा होईपर्यंत हा प्रश्न येतोच. भजनी मंडळाचे पेटीवाले विचारतात, जयंतीची गाणी करणारी पोरं विचारतात. नांदेड-लातूरकडचे, माझ्यासारखंच घरातल्या एका खोलीत काम करणारे मित्र तर फोन करून विचारतात. बहुतेकांना वाटतं, आवाज सुधारला असणार. तसं काही नाही. माइक तोच, इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) तोच, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ही रेकॉर्डिंगची मापं तीच असतील, तर रेकॉर्ड झालेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तोच असतो. मी बदललं ते आत्याच्या ओव्यांमुळे.

२०१५ च्या दिवाळीत गावी गेलो होतो, तेव्हा आत्याला माइकसमोर खुर्चीत बसवलं. तिला शेकडो ओव्या पाठ, पण त्या दिवशी एक ओळ म्हणून झाली की दुसरी सुचेना. शेवटी तीच म्हणाली, ‘जात्याबिगर ओवी कशी येईल रे?’ मग अडगळीतलं जातं काढलं, धुतलं, खाली पोतं अंथरलं, मूठभर ज्वारी घेतली. तिचा हात खुंट्यावर गेला आणि ओव्या यायला लागल्या. ओळीच्या शेवटचं अक्षर ती लांबवायची ते श्वासाच्या हिशेबाने नाही, दगडाचा फेरा पुरा होईपर्यंत. एक माइक तिच्या हनुवटीच्या उंचीला ठेवला, दुसरा जात्यापासून वीतभर लांब, जमिनीलगत. दीड तासात चाळीसेक ओव्या झाल्या. घरी आल्यावर मी त्या एकेक कापल्या, क्रमाने लावल्या, जात्याची घरघर आवाजाखाली हलकी ठेवली आणि प्रोजेक्ट सेव्ह करून ठेवला. २०१९ मध्ये आत्या गेली.

पुढे माझा लॅपटॉप बंद पडला. नवा घेतला, जुनं सॉफ्टवेअर टाकलं, तर ते चालू व्हायला इंटरनेटवरून मंजुरी मागायला लागलं. त्या आवृत्तीला मंजुरी देणं कंपनीने बंद केलं होतं. नवी आवृत्ती दरवर्षी पैसे भरून वापरायची होती. तीही घेतली. तिने प्रोजेक्ट उघडला खरा, पण ट्रॅक रिकामे. कंपनीचं नाव मी घेत नाही; इतर सॉफ्टवेअरवाल्या मित्रांचंही असं झालेलं मी पाहिलंय. फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांची नावं असलेल्या दोनशेच्या वर वेव्ह फाइली, म्हणजे आवाजाच्या मूळ फाइली, होत्या. कुठली आत्याची, कुठली जात्याची, कुठली कुणासोबत जुळते, काही कळायला मार्ग नाही. तीन रात्री बसलो. सुरुवातीला तिने खुंटा दोनदा ठोकला होता, तो ठोका दोन्ही फाइलींमध्ये शोधायचा आणि एकाखाली एक आणायचा, असं करत बऱ्याचशा ओव्या जुळवल्या. सगळ्या नाही जुळल्या.

पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या आज कुणीही ऐकू शकतं, कारण अभ्यासक हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून त्या गोळा केल्या आणि नीट जपल्या. लाखाहून जास्त ओव्यांचा तो संग्रह आहे. माझ्याकडे एका बाईच्या चाळीस ओव्या होत्या आणि त्याही मला धड सांभाळता आल्या नाहीत. ही गोष्ट माझ्या फार मनाला लागली.

तेव्हापासून सॉफ्टवेअर बघताना मी पहिला प्रश्न एकच विचारतो: दहा वर्षांनी माझं काम उघडेल का? रीपरची प्रोजेक्ट फाइल साधा मजकूर असते. नोटपॅडमध्ये उघडून बघा. ट्रॅकचं नाव, त्यावर कुठली वेव्ह फाइल, ती कितव्या सेकंदाला सुरू होते, सगळं वाचता येतं. उद्या रीपर बंद पडलं तरी त्या मजकुरावरून मी हाताने सगळं पुन्हा लावू शकेन. हे पहिल्यांदा बघितलं त्या रात्री मी मुद्दाम तीन ट्रॅकचा एक प्रोजेक्ट केला, नोटपॅडमध्ये एका ट्रॅकचं नाव बदललं, सेव्ह केलं आणि परत रीपरमध्ये उघडला. नाव बदललेलं होतं. माझा निर्णय तिथेच झाला.

बाकीच्या गोष्टी नंतर कळल्या. सायबर कॅफेच्या काळातलं गाणी ऐकायचं सॉफ्टवेअर विनॅम्प आठवत असेल. ते करणारा जस्टिन फ्रँकेल रीपरच्याही मागे आहे. डाउनलोड इतकं लहान की मोबाइलच्या नेटवर पाच मिनिटांत उतरतं. ६० दिवस सगळं वापरून बघता येतं, नंतर घरगुती कामासाठी ६० डॉलरचं लायसन्स, म्हणजे साधारण पाच हजार रुपये, एकदाच. मी सहाव्या आवृत्तीच्या वेळी घेतलं, ते ७.९९ या आवृत्तीपर्यंत चालतं. आपल्याकडे क्रॅकवर, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडलेल्या कॉपीवर, काम करणारे पुष्कळ आहेत, सुरुवातीची काही वर्षं मीही केलंय. पण क्रॅकचं सॉफ्टवेअर कुठल्या दिवशी उघडणार नाही हे आपल्या हातात नसतं, आणि गोंधळी दारात उभे असताना ते बंद पडलं तर त्यांचा अख्खा दिवस जातो.

गोंधळ्यांवरून सांगतो. संबळ क्लिकवर, म्हणजे कानातल्या एकसारख्या टकटकीवर, वाजत नाही. गोंधळ संथ सुरू होतो आणि चढत जातो, तो चढच त्याचा प्राण आहे. जुन्या सॉफ्टवेअरवर मी त्यांना कानात टकटक देऊन वाजवायला लावायचो. आज त्याचं वाईट वाटतं, कारण ती रेकॉर्डिंगं ऐकताना माणसं अवघडलेली कळतात. आता आधी मोकळं वाजवून घेतो. नंतर समेवर खुणा टाकून सॉफ्टवेअरची लयच त्यांच्यामागे चालवतो. हे दुसरीकडे होत नाही असं नाही, मी शिकलो मात्र इथे. पेटीचंही तसंच. मंडळाची जुनी पेटी काळी एकला लावली तरी आजच्या ट्यूनरपेक्षा थोडी चढी निघते. पेटीला कुणी हात लावत नाही, मी तानपुऱ्याचा ट्रॅक तेवढे सेंट (सुराचं बारीक माप) वर सरकवतो.

सॉफ्टवेअर बदललं की गुणगुण जाईल का, असंही विचारतात. नाही जाणार. ती गुणगुण ५० हर्ट्झची, भिंतीतून येते. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मग इंटरफेसमध्ये घूं सुरू होतं. एप्रिल-मेमध्ये मी त्या खड्ड्यात दोन दिवसांआड बादलीभर पाणी ओततो आणि रेकॉर्डिंगच्या वेळी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवतो. लाइट गेली तरी काम थांबत नाही, कारण इंटरफेस यूएसबीवरच चालतो. कूलर मात्र बंदच ठेवावा लागतो. रीपरमध्ये असा एकसारखा आवाज वजा करायची सोय आहे, पण जास्त वापरली की गाणारा पाण्याखाली गेल्यासारखा ऐकू येतो. त्यापेक्षा सकाळी सहाला रेकॉर्डिंग ठेवा.

आता तुम्ही बदलावं का, ते सांगतो. तुमचं मुख्य काम बीट बनवणं, लूप जोडणं, जयंतीच्या मिरवणुकीसाठी जोरकस ठेका बांधणं असेल, तर बदलू नका. रीपरसोबत वाद्यांचे आवाज जवळपास येतच नाहीत, तबला नाही, ढोलकी नाही, सगळं बाहेरून आणावं लागतं. त्या कामाला एफएल स्टुडिओ चांगलं, आणि त्याचे पुढचे अपडेट आयुष्यभर फुकट मिळतात. माणसं समोर बसवून गाणं-वाजवणं रेकॉर्ड करणार असाल तर रीपर घ्या. पहिले दोन महिने राग येईल. बोटं जुन्या जागी जातात, भलतंच होतं. मी पहिल्याच आठवड्यात माझे वीसेक जुने शॉर्टकट त्याच्या ॲक्शन लिस्टमध्ये जसेच्या तसे बसवून घेतले, त्याने जीव वाचला. आणि एक बघा: गाताना बफर (आवाज कानात परत यायला किती वेळ लागतो ते यावर ठरतं) १२८ ठेवा, मिक्सिंगला ५१२ किंवा १०२४. गायकाला स्वतःचा आवाज मागून येतोय असं वाटलं तर आधी तिथे बघा, सॉफ्टवेअरला दोष नंतर द्या.

पण सगळ्यात आधी, जुनं सॉफ्टवेअर अजून उघडतंय तोवर त्यातला प्रत्येक ट्रॅक पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत अखंड वेव्ह करून बाहेर काढा. तुकड्यांत नको. सगळ्या फाइली शून्यापासून सुरू झाल्या की कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक टाका, आपोआप जुळतात. नाव मराठीत नको असेल तर नको, पण नाव द्या: कोण गातंय, कुठलं वाद्य, तारीख. एका माइकचा, म्हणजे मोनो, ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी घेतो. आठ ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं साडेतीनशे एमबीच्या आत बसतं. दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी. माझी एक डिस्क लातूरला बहिणीकडे असते.

माझं स्वतःचं हे काम अजून पुरं झालेलं नाही. एका मित्राकडे त्या जुन्या सॉफ्टवेअरचा एक लॅपटॉप अजून सुरू होतो, तो मी महिनाभरासाठी मागून आणलाय. भजनी मंडळाचे आणि जयंतीच्या पोरांचे मिळून बत्तीस प्रोजेक्ट होते. तेवीस काढून झाले, नऊ राहिलेत. त्याचा पंखा फार आवाज करतो आणि तासाभराने तो तापून बंद होतो, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर बसतो. एका रात्री एक, फार तर दोन.