हा डाव झाला की आलोच

"मुलगी लहान, इंदूरजवळ पीथमपूरला नोकरी, सकाळी सव्वासातची कंपनीची बस, आणि तरी नऊ वर्षं रात्री ऑनलाइन पोकर. घर कसं सांभाळायचात?" हा प्रश्न मला ऑफिसातल्या नव्याने बाप झालेल्या मुलांनी विचारलाय, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्यांनी विचारलाय, आणि पुण्याहून येणारा मावसभाऊ तर दर वेळी विचारतो. २०२५च्या ऑगस्टपासून त्याला जोडून दुसरा येतो: "सरकारने बंदच केलं. बरं झालं, सुटलात ना?" पहिल्याला मी "नियम पाळले की जमतं" म्हणायचो, दुसऱ्याला नुसती मान हलवायचो. दोन्ही उत्तरं अर्धवट होती. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो.

आधी पैशांचं सांगतो, कारण विचारणाऱ्याच्या मनात पहिलं तेच असतं. मी हिशेबनीस आहे. २०१६ साली वीस हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकले आणि त्यानंतर पगारातला एक रुपयाही तिकडे वळवला नाही. प्रत्येक बैठकीची नोंद रजिस्टरमध्ये आहे: तारीख, किती घेऊन बसलो, किती घेऊन उठलो, किती तास. नऊ वर्षांत साधारण ४,९०० तास आणि कर जाऊन ६ लाख ४० हजारांचा नफा. म्हणजे तासाला १३० रुपये. हेही मीच मांडलंय, तुम्ही मांडण्याआधी. शेवटची दोन वर्षं तर उलटीच गेली. १ एप्रिल २०२३पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस, १ ऑक्टोबरपासून भरलेल्या पैशावर २८ टक्के जीएसटी. हजार रुपये भरले तर त्यातले २१९ कराचेच. २०२४ साल मी तोट्यात संपवलं.

घर गेलं, दागिने गेले असं काहीतरी ऐकायची तुमची तयारी असते. तसं झालं नाही. ज्यांचं झालं त्यातल्या दोघांना मी जवळून पाहिलंय. त्यांच्यासाठी हा बंदीचा कायदा आला असेल तर माझी तक्रार नाही. पण त्यांच्या गोष्टीत माझी गोष्ट घालू नका.

आणि "जुगार" हा शब्द. माझी आई दर कोजागिरीला गच्चीवर मैत्रिणींबरोबर पैसे लावून रमी खेळत आली, तिला कोणी जुगारी म्हटलं नाही. १९६८ साली सुप्रीम कोर्टानेच रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं. पोकरचं मात्र राज्यागणिक वेगळं होतं. २०१७ मध्ये गुजरात हायकोर्टाने तो जुगारच ठरवला, त्यामुळे गुजरातेत ॲप उघडायचं नाही. फोनला जागा कळायची. माझी सासुरवाडी बडोद्याची, दांडिया बाजारात. दिवाळीत, मे महिन्यात आम्ही गाडीने निघायचो. धार गेलं, झाबुआ गेलं, पिटोलला हद्द ओलांडली की माझं खेळणं बंद. आठ-दहा दिवस. सासूबाईंना वाटायचं, जावई किती घरात रमतो.

एकदा परत येताना बायको म्हणाली, "पिटोलच्या पलीकडे तू पहिल्या हाकेला ओ देतोस."

मला ते फार लागलं होतं. मी म्हणालो, इकडे काय मी बहिरा असतो का? ती म्हणाली, "इकडेही देतोस. पण तिसऱ्या हाकेला."

घरातल्या तासांचा हिशेब मी तेव्हाही मांडला होता. रजिस्टरच्या २०१८च्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: "आठवड्याला १२ ते १४ तास. लोक क्रिकेट याहून जास्त बघतात. मुलगी झोपल्यावर सव्वादहाला सुरू, साडेबाराला बंद. घराचं काही अडत नाही." यातला एकही आकडा खोटा नाही. आज मी त्या माणसाशी भांडायला जातो तेव्हा आकड्यांवर तोच जिंकतो. वर म्हणतो, इंदुरात रात्री अकरापर्यंत दुकानावर बसणाऱ्या बापाला कोणी विचारतं का, घर कसं सांभाळतोस? नाही विचारत. हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

पण त्याने एक गोष्ट लिहिलेली नाही. मुलगी दर वेळी झोपलेली नसायची. चार-साडेचार वर्षांची असताना ती पाणी प्यायच्या निमित्ताने उठायची आणि माझ्या खुर्चीशी येऊन उभी राहायची. मी म्हणायचो, "हा डाव झाला की आलोच." पोकरचा डाव दोन मिनिटांचा असतो, पण मी एका वेळी चार टेबलं लावलेली असायची. एक डाव संपतो तेव्हा दुसरा रंगात आलेला असतो. तिला ते कळत नव्हतं, पण तिने दुसरंच काही ओळखलं. पत्ते टाकून दिले की माझे खांदे किंचित खाली यायचे. मला हे ठाऊकही नव्हतं. ती खांद्यांकडे बघत उभी राहायची, आणि ते खाली आले की नेमकं त्या क्षणी विचारायची, "बाबा, घुबड रात्री जेवतं का?" समोर बसून खेळणारे पट्टीचे खेळाडू एकमेकांचे हात, मान, श्वास वाचतात. ऑनलाइन मला बघणारं कोणी नव्हतं. एकटी तीच मला वाचत होती, आणि ते कशासाठी, तर घुबडाचं विचारायला बापाकडे फट कधी सापडते ते कळावं म्हणून.

हरण्याच्या दिवसांबद्दल थोडक्यात सांगतो. चांगलं खेळूनही महिनोन् महिने पत्ते उलटे पडतात. दोन एक्के हातात येणं २२१ डावांत एकदा, आणि ते आले तरी दोन राजांकडून पाचातून एकदा हरतात. तेव्हा डोकं शांत ठेवायचं, हीच सगळी कला. मी टेबलावर ते ठेवायचो. दुसऱ्या दिवशी गृहपाठाच्या वेळी ते माझ्याकडे उरलेलं नसायचं. मी ओरडलो नाही कधी. गप्प व्हायचो, आणि मग घरातले सगळे हळू आवाजात बोलायला लागायचे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

८ सप्टेंबर २०१९, रविवार. गणपती बसून आठवडा होत आला होता आणि आमच्या मंडळाचं बालनाट्य होतं. ससा जंगलात वाट चुकतो, अंधार पडतो, आणि काजवे त्याला घरी पोचवतात. माझी लेक सहा वर्षांची, बारा काजव्यांतली एक. तिला एकच वाक्य होतं: "घाबरू नको ससुल्या, आम्ही आहोत ना!" ते वाक्य मी तिच्याकडून दहा दिवस घटवून घेतलं होतं. "आहोत" म्हणताना ती "आहो" म्हणायची. आदल्या रात्री तिच्या छोट्या बॅटरीला पिवळा जिलेटिन कागद मीच सेलोटेपने लावून दिला होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण मी बेफिकीर बाप होतो असं मला अजूनही वाटत नाही.

त्याच दिवशी दुपारी चारला एक मोठी स्पर्धा होती, अडीच हजार रुपये प्रवेश फीची. साडेपाचशेच्या आसपास खेळाडू, बक्षिसाचे पैसे पहिल्या साठांना. बायकोला म्हणालो, बहुतेक वेळा मी दोन तासांत बाद होतो, कार्यक्रमापर्यंत मोकळा असेन. हेही खोटं नव्हतं. पण त्या दिवशी बाद झालो नाही. सहाचा कार्यक्रम भाषणांमुळे साडेसातला सुरू झाला, तोवर मी हॉलमध्ये मांडीवर फोन ठेवून खेळत होतो. पावणेआठला ६१ जण उरले. म्हणजे आणखी एक गेला की बाकी सगळे पैशांत.

स्टेजवर संध्याकाळ झाली. नाटक बसवणाऱ्या सरांनी माइकवर सांगितलं की आता पूर्ण अंधार करतोय, सगळ्यांनी फोन बंद करा, मुलांचे काजवे दिसू देत. हॉलमधले दिवे गेले. बायको म्हणाली, "ठेव तो." मी म्हणालो, "हा डाव झाला की." माझ्याकडे दोन राण्या होत्या, आणि समोरच्याने असलं नसलं ते सगळं डावावर लावलं होतं. 'कॉल' दाबून तेवढंच लावायचं की पत्ते टाकायचे, पडद्यावर सेकंद उलटे पळत होते. तिने दुसऱ्यांदा तोंडाने काही म्हटलं नाही, नुसता माझ्या मनगटावर हात ठेवला. मी दुसऱ्या हाताने कॉल दाबला.

त्याने एक्का आणि राजा उघडला. अशा वेळी राण्या शंभरात साधारण पंचावन्न वेळा तरतात. टेबलावर दोघांचे सामाईक पाच पत्ते उघडायला लागले. चौकटची सत्ती, किलवरची तिर्री, इस्पिकचा गुलाम. मग किलवरची अठ्ठी. मग बदामची तिर्री. राण्या तरल्या. ते पाच पत्ते मला आज झोपेतून उठवून विचारलेत तरी सांगेन. लेकीने "आहोत" म्हटलं की "आहो", ते मला माहीत नाही. मी मान वर केली तेव्हा ससा घरी पोचला होता आणि टाळ्या वाजत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर ती पॅसेजमधून धावत आली. गालांवर चमकी, एका पंखाची तार वाकलेली. माझ्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "बाबा, सगळीकडे काळोख होता. आई पण दिसत नव्हती. फक्त तू दिसत होतास. तुझ्या तोंडावर उजेड होता. तू मुद्दाम केलंस ना, मला कळावं तू कुठे बसलायस म्हणून?"

मी म्हणालो, "हो."

बायको खाली वाकून चपला शोधत होती. तिचा हात थांबला. मग तिने चपला काढून लेकीच्या पायाशी ठेवल्या आणि म्हणाली, "चला."

त्या रात्री मी घरी येऊन पुन्हा बसलो. होय, बसलो. चौथा आलो, १ लाख १२ हजार, कर कापून ७७-७८ हजार. त्यातून डिसेंबरात आईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आई आता सुईत दोरा ओवते. हे पैसे मी कुठे मांडू, सांगा. २०१८च्या पानावरचा तो माणूस मला विचारतो: मुलीला त्या दिवशी आनंदच झाला, आईला दिसायला लागलं, मग नुकसान कोणाचं झालं? याचं पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. मला एवढंच ठाऊक आहे की ते वाक्य ती कसं म्हणाली हे बायकोला विचारता आलं असतं, आणि मी आजवर विचारलेलं नाही.

खेळणं त्यानंतरही सहा वर्षं चाललं. कमी केलं. चाराऐवजी दोन टेबलं, रविवार संध्याकाळ बंद. तेवढंच. डोळे उघडले आणि सोडून दिलं असं मी सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण तसं घडलं नाही. २० ऑगस्ट २०२५ला पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं, २१ला राज्यसभेत, २२ला राष्ट्रपतींची सही. पैशांची टेबलं त्याच दिवसांत बंद पडली. गणपती पाच दिवसांवर आले होते. तेव्हा "सुटलात ना?" याचं उत्तर: मी सुटलो नाही, मला बाहेर काढलं गेलं. आपण होऊन उठलो असतो का, हे आता कधीच कळणार नाही, आणि ते मला सलतं. कायद्याविरुद्धचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलंय. उद्या टेबलं पुन्हा उघडली तर बसाल का, असंही विचारता. नाही म्हणावंसं वाटतं. रजिस्टर मात्र कपाटात आहे, रद्दीत घातलेलं नाही. सव्वादहा वाजले की अजूनही उजव्या हाताला काहीतरी करायचं राहिलंय असं होतं. मग फोनवर बातम्या बघत बसतो, आणि बायकोच्या हाका तेव्हाही दोन होतातच.

त्याच गणपतीत आरतीनंतर सगळी भावंडं गच्चीवर बसली होती. लेक आता बारा वर्षांची. ती मावसभावाच्या मुलाला सांगत होती की लहानपणी ती काजवा झाली होती, हॉलभर काळोख, आणि तिचा बाबा एकटा तोंडावर उजेड पाडून बसला होता, फक्त तिच्यासाठी. मी समोरच होतो, हातात प्रसादाची वाटी. तिने सांगता सांगता माझ्याकडे बघून मान हलवली, साक्षीला घेतल्यासारखी. मीही हलवली. बायको उठून खाली गेली.

बायको म्हणते, सांगून टाक, ती समजून घेण्याएवढी मोठी झाली आहे. असेल. आम्ही घरात मराठी बोलतो, पण शाळा इंग्रजी-हिंदी, त्यामुळे ती मराठी सावकाश वाचते, जोडाक्षरांवर बोट ठेवून. हे तिच्या हातात पडलं तर इथवर यायला तिला बराच वेळ लागेल. मी तोवर शेजारी बसून राहीन.