तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्याच इमारती का?

या भागात मी नवीनच. तरीही रस्त्याकडेला स्टूल टाकून चित्र काढायला बसले की कुणीतरी हमखास विचारतं, "नव्या इमारती सोडून या जुन्याच का रंगवता? आणि फोटो काढून घरी का नाही बसत?"

फोटोचं आधी सांगते. उंच इमारतीसाठी कॅमेरा वर रोखला की उभ्या भिंती माथ्याशी एकमेकींकडे झुकतात आणि उन्हातल्या सावल्या काळ्याठिक्कर येतात. समोर बसलं की त्याच सावलीत निळा, जांभळट रंग दिसतो. अल्ट्रामरीन म्हणजे गडद निळ्यात थोडा बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, घातला की जमतो. ऊन थांबत नाही, हे खरं. फ्रेंच चित्रकार मोनेने १८९२-९३ मध्ये रूआँ शहरातल्या कॅथेड्रलसमोर एकाच वेळी अनेक कॅनव्हास मांडले होते. ऊन बदललं की कॅनव्हास बदलायचा. माझ्याकडे एकच कागद, म्हणून मी सावल्या आधी आखून घेते आणि मग ऊन कुठेही गेलं तरी त्यांना हात लावत नाही.

आता जुन्यांचं. नव्या इमारती मी सोडून आले तिथेही अशाच होत्या. जुनीवर मात्र कुणी काय काय केलं ते दिसतं. कोपऱ्यावरच्या विटांच्या इमारतीत कमानीखाली चौकोनी खिडकी बसवलीय. मधल्या विटा एकसारख्या लाल; आजूबाजूच्या कुठे नारिंगी, कुठे भाजून काळपट, सांध्यांत चुना. खाली भिंतीला लागून एक झिजलेली पायरी आहे, ती कुठेच जात नाही. म्हणजे तिथे दार होतं. नुसतं बघताना ती पायरी मला दिसली नव्हती, रेघ मारताना दिसली.

"मग ती बेढब खिडकी वगळा ना, चित्र सुंदर होईल," असंही सुचवतात. होईल. पण दुसऱ्या महायुद्धात जमीनदोस्त झालेलं पोलंडमधलं जुनं वॉर्सा पुन्हा उभारताना इटालियन चित्रकार बेर्नार्दो बेलोत्तोने अठराव्या शतकात रंगवलेली दृश्यं संदर्भाला घेतली होती, आणि त्यानेही काही इमारती मनाने सजवल्या होत्या. माझ्या चित्रांवरून कुणी शहर बांधणार नाही, तरी खिडकी राहते. पाइप राहतात, वायरीही राहतात. उभ्या केलेल्या गाड्या मात्र मी बिनदिक्कत गाळते. अर्धं चित्र होईस्तोवर त्या निघूनच गेलेल्या असतात.