ओळी मोजून काय कळतंय?

आमचं सॉफ्टवेअर एक लाख ओळींचं आहे म्हणून छाती फुगवून सांगणारे लोक बेळगावातही भेटतात, आणि मला दरवेळी एकच प्रश्न पडतो, बाबा हे सगळं वाचणार कोण? उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथखाली किती कीस पडला त्यावरून तयार पार्ट कुणी पास करत नाही, मायक्रोमीटरने माप घेऊनच बघतात, मग कोडलाच वेगळा न्याय का?

१९८२ची गोष्ट आहे, ॲपलमध्ये लिसा कॉम्प्युटरचं काम चाललेलं, आणि मॅनेजर लोकांनी दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरायला लावलं. तिथल्या बिल ॲटकिन्सन या प्रोग्रामरने त्याच आठवड्यात क्विकड्रॉचा, म्हणजे स्क्रीनवर चित्रं काढणाऱ्या कोडचा, एक भाग नव्याने लिहून जवळजवळ सहापट फास्ट केलेला, वर दोन हजार ओळी कमी झालेल्या. त्याने फॉर्मवर सरळ उणे २००० लिहिलं 😀 काही आठवड्यांनी त्याला फॉर्म मागायचंच बंद केलं म्हणे.

आपल्याकडचं सांगतो. एका बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये मराठी बिलाचा कोड वेगळा, कन्नड बिलाचा वेगळा, इंग्लिशचा वेगळा, सगळं कॉपी-पेस्ट, आणि टॅक्सचा रेट तिन्हीकडे हाताने टाकलेला. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे रेट बदलले तेव्हा दोन ठिकाणी बदल झाला, कन्नड बिलात जुनाच राहिला, आणि गिऱ्हाईक फोनवर, "काय करूलालाय रे तुम्ही?" रेट एका टेबलात ठेवून तिन्ही भाषांना एकच कोड वापरला असता तर कोड तिसऱ्या हिश्श्यावर आला असता आणि हा फोनही आला नसता. पण ओळींवर पगार ठरत असेल तर कोण कमी करेल?

म्हणून लहान कोड म्हणजे चांगला असंही नाही हं. काही हुशार पोरं पाच ओळींचं काम एका ओळीत कोंबतात, महिन्याने त्यांनाच कळत नाही ते. आणि २०१४मध्ये ॲपलच्याच कोडमध्ये 'गोटू फेल' (म्हणजे पुढचं सोडून थेट शेवटाकडे उडी मार) ही एक ओळ चुकून दोनदा पडली, त्यामुळे समोरचा सर्व्हर खरा आहे का हे बघायला त्याची डिजिटल सही तपासायचा भाग चाललाच नाही, एवढ्या मोठ्या कोडमध्ये एक ओळ, मोजणीत कुठे दिसणार ती?

मोजायचंच असेल तर एक बदल करायला किती फायली उघडाव्या लागतात ते मोजा, कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या टेस्ट किती आहेत ते बघा. एसक्यूलाइट घ्या, माहिती साठवायचं डेटाबेस सॉफ्टवेअर, तुमच्या मोबाईलमध्ये आहेच ते. मूळ कोड दीडेक लाख ओळींचा, आणि तो तपासायचा कोड त्याच्या ५९० पट!