ओपन-बॅकच घेणार

आज दिवसभर वेगवेगळे हेडफोन ऐकले आणि माझं ठरलं, ओपन-बॅकच घ्यायचा. कपाला मागून जाळी असते, त्यामुळे ड्रायव्हरचा, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरचा, मागचा आवाज बाहेर निघून जातो, आत घुमत राहत नाही. तानपुरा पार मागे, तबला उजवीकडे जरा पुढे, आणि गायिकेने तानेआधी घेतलेला श्वाससुद्धा वेगळा कळला! सेनहायझरच्या २००९ सालच्या एचडी ८०० या ओपन-बॅक हेडफोनमध्ये तर ५६ मिलिमीटरचे ड्रायव्हर कानापासून लांब आणि तिरके बसवलेत, आवाज समोरून आल्यासारखा वाटावा म्हणून. बास थोडा हलका लागतो, पण मला चालेल. बाहेरचा गोंगाट मात्र सरळ आत येतो, त्यामुळे प्रवासाला मागून बंद असलेला क्लोज्ड-बॅकच बरा. तुम्ही निवडणार असाल तर ओळखीचं लाइव्ह रेकॉर्डिंग लावा आणि दोन्ही हेडफोनवर व्हॉल्यूम सारखा ठेवा. जोरात वाजणारा उगाच सरस वाटतो.